अणुशक्तीचा परवाना आणि आपला दवाखाना

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांची नावे असावीत, विद्यार्थ्यांच्या यशाचा उल्लेख असावा, वडीलधाऱ्यांच्या आठवणी असाव्यात हे योग्यच आहे. परंतु त्यांच्या पंक्तीस अणुशक्तीच्या कायद्यावरील लेख कशाला, अशी शंका वाचकांस येईल. ती शंका आम्हांसही आली होती. म्हणून प्रथम हा प्रश्न आमच्याकडे कसा आला ते सांगतो.

आपल्या गावाबाहेर मोठ्या शहरात स्थायिक झालेल्या एका हितचिंतकांनी न्यासास कळविले की, तेथील एक रुग्णालय आपले जुने एक्स-रे यंत्र काढून टाकीत आहे. ते दुबलगुंडीच्या दवाखान्यास फुकट मिळू शकेल. फक्त वाहतुकीचा खर्च न्यासाने करावा. सभेत आनंद झाला. हाड मोडलेल्या माणसाला गाडीत घालून हुमनाबादेस, बीदरला किंवा कलबुर्गीस न्यावयाचे म्हणजे काय हाल होतात हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. 'खोली रिकामी आहे, वीज आहे, मग उशीर कसला?' असे बहुतेकांचे म्हणणे पडले. एका सभासदाने मात्र विचारले, 'याला काही परवाना लागतो का?' उत्तर कोणासच देता आले नाही. तेव्हा अभ्यास करून सांगण्याचे काम आम्हां तिघांवर सोपविण्यात आले. तो अभ्यास हाच हा लेख होय.

१. एक्स-रे आणि अणुशक्ती यांचा संबंध काय?

शोध करू लागताच पहिले आश्चर्य हे वाटले की, ज्या कायद्याने तारापूरच्या अणुवीज केंद्रावर नियंत्रण ठेवले, त्याच कायद्याच्या छत्राखाली खेड्यातील दवाखान्याचे एक्स-रे यंत्रही येत आले आहे. कारण सोपे आहे. कायद्याला चिंता आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या, कातडीला न जाणवणाऱ्या, पण शरीरातील पेशींस इजा करणाऱ्या किरणांची. ते किरण अणुभट्टीतून निघोत, कर्करोगावरील उपचाराच्या कोबाल्टमधून निघोत अथवा एक्स-रे नळीतून निघोत, शरीराच्या दृष्टीने ते एकाच जातीचे संकट असते.

तथापि दोन प्रकारांतील भेद प्रत्येक घरी नीट समजला पाहिजे. एक्स-रे यंत्र हे विजेच्या दिव्यासारखे असते. कळ दाबली की किरण निघतात, कळ सोडली की थांबतात. यंत्र बंद असताना त्यात किरण साठून राहत नाहीत, आणि ज्याची तसबीर काढली तो माणूसही किरणोत्सारी होत नाही. कोबाल्ट, सीझियम, इरिडियम यांसारख्या किरणोत्सारी पदार्थांची गोष्ट निराळी. त्यांना कळ नसते. रात्री, दिवसा, कुलूप लावलेल्या खोलीत, भंगाराच्या ढिगात, कोठेही ते किरण टाकीतच राहतात. त्यांना आवरण्याचा उपाय एवढाच की, भोवती शिशाचे अथवा काँक्रीटचे जाड कवच घालावे आणि ते कवच कधीही कोणाच्या अज्ञानाने फुटू देऊ नये. परवान्याचे सारे शास्त्र या एका वाक्यातून निघाले आहे.

सोनोग्राफीचे यंत्र या वर्गात येत नाही, हेही येथे सांगून टाकतो. त्यात ध्वनिलहरी असतात. त्याच्यावर १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची बंधने आहेत, पण ती वेगळ्या कारणासाठी.

२. कायदा कसा वाढला

स्वतंत्र भारताचा पहिला अणुशक्ती कायदा १९४८ च्या एप्रिलमध्ये झाला, आणि त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुशक्ती आयोग स्थापन झाला. आपले गाव त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थान भारतात आले ते १७ सप्टेंबर १९४८ नंतर. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले. सीमेवरच्या आपल्या लोकांनी राज्ये बदलताना पाहिली, कचेऱ्यांतील भाषा बदलताना पाहिली. हा विषय मात्र केंद्र सरकारचा आहे. मुंबईत जो नियम, तोच दुबलगुंडीत. उमरग्यात जो, तोच हुमनाबादेत. सीमा ओलांडल्याने येथे सूट मिळत नाही.

१९५४ साली अणुशक्तीचे स्वतंत्र खाते निघाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली. काम वाढले तसा जुना कायदा अपुरा पडू लागला आणि १९६२ साली नवा कायदा करण्यात आला. या कायद्याने युरेनियम, थोरियम व तत्सम पदार्थांना 'विहित पदार्थ' ठरवून ते बाळगणे, विकणे, आणणे, नेणे यांवर परवान्याचे बंधन घातले. किरणोत्सारी पदार्थ व किरण निर्माण करणारी यंत्रे यांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. आणि भंग करणारास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.

या कायद्याचे चौथे कलम आपल्या भागातील शेतकऱ्यांनी ऐकण्याजोगे आहे. ज्या कोणास युरेनियम वा थोरियम सापडेल, त्याने तीन महिन्यांच्या आत सरकारास लेखी कळविले पाहिजे, असे ते कलम सांगत होते. ही दूरची गोष्ट नव्हे. पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात असलेल्या व आता यादगीर जिल्ह्यात मोडणाऱ्या शहापूर तालुक्यात, गोगी गावाजवळ, भीमेच्या खोऱ्यातील खडकांत अणुखनिज विभागास युरेनियम आढळले. तेथील खाणीच्या प्रस्तावावरून गावकऱ्यांत बरीच चर्चा व हरकती झाल्या. म्हणजे अणुशक्तीच्या परवान्याचा प्रश्न आपल्या शेजारच्या विहिरीपर्यंत व ज्वारीच्या शेतापर्यंत पूर्वीच येऊन पोचला आहे.

पहारेकरी नेमण्याचे काम मात्र मागून झाले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन करण्यात आले. त्याचे काम वीज निर्माण करण्याचे नसून, जे कोणी अणुशक्तीचा वापर करतात ते नियमाने करतात की नाही हे पाहण्याचे आहे. किरणसंरक्षणाचे पहिले नियम १९७१ चे होते. त्यांच्या जागी २००४ साली नवे नियम आले. एक्स-रे यंत्रापासून अन्नप्रक्रियेच्या कारखान्यापर्यंत कोणास परवाना, कोणास अधिकारपत्र, कोणास केवळ नोंदणी पुरे, याची वर्गवारी त्या नियमांनी लावून दिली.

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने 'शांती' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा नवा कायदा संमत केला. १९६२ चा कायदा आणि अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचा २०१० चा कायदा या दोहोंच्या जागी तो करण्यात आला आहे. खाजगी कंपन्यांना परवाना घेऊन अणुवीज केंद्रे उभारण्याची वाट त्याने मोकळी केली, आणि नियामक मंडळास प्रत्यक्ष कायद्याचे अधिष्ठान दिले. खेळाडू वाढले म्हणजे पंचाचे महत्त्व वाढते. त्यामुळे परवान्याचा विषय सर्वसामान्यांनी समजून घेण्याची गरज आता पूर्वीपेक्षा अधिक आहे.

३. मोठ्या केंद्रास परवाना कसा मिळतो

महाराष्ट्रातील तारापूर हे देशातील पहिले अणुवीज केंद्र. अमेरिकेशी १९६३ साली झालेल्या करारानुसार ते उभारले गेले आणि १९६९ च्या ऑक्टोबरात त्याच्या पहिल्या दोन संचांतून व्यापारी वीज मिळू लागली. तारापूरला परवान्याचा आणखी एक धडा आहे. तेथील इंधन परदेशातून यावयाचे होते. म्हणून ते केवळ शांततेच्या कामी वापरले जाते की नाही, हे तपासण्याचा अधिकार व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला देण्यात आला. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने आपले कायदे कडक केले, इंधनाचा पुरवठा अडला, आणि पुढे फ्रान्सकडून ते मिळवावे लागले. किरणोत्सारी पदार्थाचा प्रत्येक किलो कोठून आला, कोठे आहे व कोठे गेला याचा जमाखर्च जगाला द्यावा लागतो, तो असा.

केंद्राला एकदाच शिक्का मारून परवाना दिला जात नाही. प्रथम जागेची संमती, मग बांधकामाची, मग यंत्रे चालू करून पाहण्याची, नंतर प्रत्यक्ष चालविण्याची, आणि आयुष्य संपल्यावर केंद्र मोडण्याचीही, अशा पायऱ्या नियामक मंडळाने लावल्या आहेत. एका पायरीचा हिशेब पुरा झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवता येत नाही. जागा ठरविताना भूकंप, पूर, पाण्याची सोय, भोवतालची वस्ती यांचा विचार होतो. तारापूरसारख्या केंद्रांभोवती सुमारे १.६ किलोमीटरच्या आत वस्ती नको, असा दंडक पूर्वीपासून ठेवण्यात आला. चालविण्याचा परवानाही कायमचा नसतो. तो जास्तीत जास्त पाच वर्षांचा असून, दर दहा वर्षांनी साऱ्या केंद्राची सांगोपांग तपासणी व्हावी लागते.

या पायऱ्यांचा उपयोग काय, हे आपल्याच राज्यातील कैगाने दाखविले. उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीच्या काठी हे केंद्र आहे. १३ मे १९९४ रोजी, बांधकाम चालू असताना, पहिल्या संचाच्या आतील घुमटाच्या काँक्रीटचा मोठा थर सुटून खाली कोसळला. अणुभट्टीत अद्याप इंधन घातलेले नव्हते, म्हणून किरणोत्सर्गाचा प्रश्नच उद्भवला नाही. पण ज्या घुमटाने उद्या अपघाताच्या वेळी सारे किरण आत कोंडून धरावयाचे, तोच घुमट पडला होता. काम थांबले. चौकशी झाली, आराखडा बदलण्यात आला, घुमट नव्याने बांधला गेला, आणि कैगाचे पहिले दोन संच २००० साली वीज देऊ लागले. वर्षे गेली, पैसा गेला, हे खरे. परंतु त्याच पहिल्या संचाने २०१८ साल संपताना सलग ९६२ दिवस न थांबता चालण्याचा विक्रम केला. बांधकामाची पायरी वेगळी ठेवली नसती आणि इंधन भरल्यावर घुमटाचा दोष उघड झाला असता, तर हा विक्रम लिहिण्याऐवजी दुसरेच काही लिहावे लागले असते.

४. कुलूप विसरले की काय होते

मोठ्या केंद्राभोवती पहारा असतो. खरा घात होतो तो लहान, विसरलेल्या साधनांनी. त्याची दोन उदाहरणे आमच्या मनावर फार परिणाम करून गेली.

पहिले ब्राझीलमधील गोयानिया शहराचे. १९८७ च्या सप्टेंबरात, एका सोडून दिलेल्या दवाखान्याच्या पडक्या इमारतीत उपचाराचे सीझियम यंत्र तसेच राहून गेले होते. भंगार शोधणाऱ्या दोघांनी त्याचा भाग काढून नेला व फोडला. आतील भुकटी अंधारात निळसर चमके. कौतुकाने ती शेजारीपाजारी वाटली गेली. मुलांनी अंगाला लावली. चार माणसे मेली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली आणि २४९ जणांच्या अंगावर अथवा अंगात किरणोत्सार आढळला.

दुसरे उदाहरण आपल्या देशाच्या राजधानीतले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ साली कॅनडाहून आणलेले कोबाल्टचे एक प्रयोगयंत्र होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला. ते मायापुरीच्या भंगार बाजारात गेले, फोडले गेले, आणि आतील कोबाल्ट उघडे पडले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडून रुग्णालयांत आली, तेव्हा प्रकार उघडकीस आला. एक कामगार दगावला, अनेक जण दीर्घकाळ आजारी राहिले.

येथे आपल्या विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. कोबाल्ट-६० चे सामर्थ्य दर ५.२७ वर्षांनी निम्मे होते. १९६८ पासून २०१० पर्यंत ४२ वर्षे झाली, म्हणजे जवळजवळ आठ वेळा ते निम्मे झाले. निम्म्याचे निम्मे असे आठ वेळा करीत गेल्यास मूळच्या सुमारे अडीचशेवा अंश उरतो. त्या अडीचशेव्या अंशानेही माणूस मेला! 'फार जुने आहे, आता त्यात काय राहिले असणार?' या आपल्या नेहमीच्या बोलण्याचे उत्तर या गणितात आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या लिलावात कोणी दुष्ट नव्हता. खोली रिकामी करावयाची होती, सामान जुने होते, कागद सापडत नव्हते. ज्याला माहीत होते तो निवृत्त झाला असेल, ज्याने विकले त्याला माहीत नव्हते. परवान्याची वही नीट ठेवावयाची ती यासाठी की, माणसे बदलली तरी वस्तूची ओळख बदलू नये.

५. उपकारही तितकेच

एवढे वाचून कोणी असे समजू नये की, किरणोत्सारी पदार्थ म्हणजे केवळ मृत्यू. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक' केंद्रात कोबाल्टच्या किरणांनी कांद्याला मोड येणे थांबविता येते. आपल्या हापूस आंब्यावर अशीच प्रक्रिया होऊ लागल्यावर २००७ साली अमेरिकेची बाजारपेठ त्यास पुन्हा खुली झाली. असा कांदा वा आंबा किरणोत्सारी होत नाही. उन्हात वाळवलेल्या पापडात ऊन शिल्लक राहत नाही, तसेच ते आहे.

कर्करोगाच्या रोग्यांना तर किरणांचा मोठाच आधार आहे. आपल्या भागातील किती कुटुंबांनी सोलापूरच्या वाटेने बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय गाठले आहे, कलबुर्गीच्या किदवाई केंद्रात महिने काढले आहेत, अथवा मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयाच्या पायऱ्यांवर नंबराची वाट पाहिली आहे! ते टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुशक्ती खात्याकडेच आहे. तेथे आपल्या माणसावर जे किरण सोडले जातात, ते किती, कोठे व किती वेळ, हे मोजून देणारा भौतिकशास्त्रज्ञ असावाच लागतो. तो नसेल तर परवाना मिळत नाही. औषधाची मात्रा मोजणारा जसा लागतो, तसाच हा.

६. आता आपले एक्स-रे यंत्र

मूळ प्रश्नाकडे येऊ. निसर्गातून, म्हणजे जमीन, आकाश, अन्न व हवा यांतून, माणसाला वर्षाकाठी जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतके किरण मिळतच असतात. छातीच्या एका एक्स-रेने त्याचा अगदी लहान अंश मिळतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीने नाकारणे हा वेडेपणा होय. धोका आहे तो रोज तेथे उभे राहणाऱ्या तंत्रज्ञाला, पलीकडच्या खोलीत बसणाऱ्याला, आणि पोटातील बाळाला. त्यासाठी नियमांनी मर्यादा घालून दिली आहे. या कामात असलेल्या माणसास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट व कोणत्याही एका वर्षी ३० हून अधिक किरण मिळता कामा नयेत; सर्वसाधारण जनतेस या कामामुळे वर्षाला १ हून अधिक मिळता कामा नयेत.

ही मर्यादा पाळावयाची तर काय लागते, ते आम्ही यादी करून पाहिले. यंत्र नियामक मंडळाने मान्य केलेल्या नमुन्याचेच हवे. खोली प्रशस्त हवी. ज्या भिंतीवर मुख्य झोत पडतो ती विटांची असल्यास सुमारे चौदा इंची आणि बाकीच्या नऊ इंची हव्यात. दारास शिशाचा पत्रा हवा. तंत्रज्ञ शिकलेला, पदविका घेतलेला हवा. त्याच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला हवा व तो ठराविक मुदतीने तपासणीस पाठविला पाहिजे. शिशाचा अंगरखा हवा. किरणसुरक्षेची जबाबदारी नावाने एका माणसावर हवी. दाराबाहेर तीन पात्यांचे चिन्ह व 'गरोदर स्त्रियांनी आधी सांगावे' ही सूचना हवी. आपल्याकडे ती कन्नड व मराठी दोन्ही भाषांत असावी असे आम्ही सुचवितो. दर काही काळाने यंत्राची तपासणी हवी. परवान्याचा अर्ज आता 'ई-लोरा' या नावाच्या व्यवस्थेतून संगणकावरून करता येतो. त्यासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

याउलट आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी पाहिलेला प्रसंग सांगतो. दवाखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मोडलेल्या हाताचे लेकरू रडत होते, म्हणून त्याच्या आईने त्याला धरून उभे राहावे असे सांगण्यात आले. अंगरखा खुंटीवर होता, पण तो तिला कोणी दिला नाही. दार अर्धे उघडे, बाहेरच्या बाकावर पाच-सहा माणसे. ती बाई चार महिन्यांची गरोदर होती, हे तिने नंतर तिच्या सासूबाईंना सांगितले. तेथे तिला कोणी विचारलेच नव्हते. पुढे सर्व सुखरूप झाले, देवाची कृपा. परंतु कायद्याने जे काम माणसांवर सोपविले, ते देवावर टाकणे हा धर्म नव्हे.

७. पहारेकऱ्याची अडचण

कायदा एवढा स्पष्ट असताना असे का चालते? २०१२ साली भारताच्या महालेखापरीक्षकांनी नियामक मंडळाच्या कामाचा अहवाल संसदेपुढे ठेवला. त्यात असे दिसून आले की, देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३, म्हणजे शेकडा ९१, नोंदणीवाचूनच चालत होती. त्यानंतर अर्जाची पद्धत सोपी झाली, नोंदणी वाढली. पण एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक दवाखान्याच्या दारी तपासनीस उभा राहू शकत नाही, हे उघड आहे.

दुसरी टीका अधिक खोल होती. नियामक मंडळ ज्या आयोगाला उत्तरदायी होते, त्याच आयोगाच्या छत्राखाली अणुवीज केंद्रे चालविणारेही होते. घरचाच पंच घरच्यांना कितपत बाद देईल, असा प्रश्न जाणते लोक विचारीत असत. स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचे विधेयक २०११ साली लोकसभेत आले, पण २०१४ साली लोकसभेची मुदत संपताच ते निकालात निघाले. २०२५ च्या कायद्याने मंडळास कायद्याचे अधिष्ठान दिले ते या पार्श्वभूमीवर. कागदावरचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात किती उतरते, हे पाहणे नागरिकांचे काम आहे. आणि ते काम करावयाचे तर आपल्या स्वतःच्या दवाखान्याचा कागद आधी स्वच्छ असला पाहिजे. बिनपरवान्याचे यंत्र चालविणाऱ्या न्यासाला कैगाविषयी वा गोगीविषयी प्रश्न विचारण्याचे तोंड राहत नाही.

८. आमचा अभिप्राय

या अभ्यासावरून आमचे मत असे झाले आहे. ते सभासदांनी व विश्वस्तांनी पारखून घ्यावे.

पहिले. ते जुने यंत्र, त्याची मान्यता, त्याचे कागद व हस्तांतराची परवानगी हाती आल्याखेरीज गावात आणू नये. हितचिंतकांच्या भावनेचा आम्ही आदर करतो आणि त्यांना तसे प्रेमाने कळवावे. दान घेणारानेही दान पारखून घ्यावे, ही आपली जुनी रीत आहे. यंत्र फुकट असले तरी भिंत, दार, बिल्ला आणि तंत्रज्ञाचा पगार फुकट नसतो. आणि तंत्रज्ञावाचून यंत्र म्हणजे हातात काठी नसलेला सर्प.

दुसरे. न्यासाने आधी खोली व माणूस यांची तरतूद करावी, मग यंत्राची. गावातील विज्ञान शाखेच्या एका मुलास अथवा मुलीस क्ष-किरण तंत्रज्ञानाच्या पदविकेसाठी न्यासाची शिष्यवृत्ती द्यावी. शिक्षण होईपर्यंत भिंती उभ्या राहतील. तोवर हाड मोडलेल्या रोग्यास बीदर अथवा कलबुर्गीस नेण्याकरिता गाडीच्या भाड्याचा निधी ठेवावा. यास दोन-तीन वर्षे लागतील. त्या काळात रात्री-अपरात्री कोणाचे हाल होतील, आणि 'यंत्र येत होते, तुम्ही नको म्हणालात' असे आम्हांस कोणी म्हणेल. ते आम्ही ऐकून घेऊ.

तिसरे, आणि हे प्रत्येक घरासाठी. आपला तालुका पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. भंगाराच्या गाड्या येथून रोज जातात. तीन पात्यांचे चिन्ह असलेली, अथवा आकाराच्या मानाने फार जड अशी धातूची पेटी वा नळकांडे कोठे दिसले, तर त्यास हात लावू नये, ते फोडू नये, घरी आणू नये. मुलांना दूर करावे आणि लगेच पोलीस ठाण्यास कळवावे. भंगार गोळा करणारा आपल्या दारी येतो तोही कोणाचा तरी मुलगा आहे. हे चिन्ह त्यालाही दाखवावे. शाळेच्या भिंतीवर ते रंगवून घेण्याचा खर्च न्यासास सहज झेपेल.

सभेत ज्या सभासदाने परवान्याविषयी विचारले, त्यांच्याकडे त्या दिवशी काहींनी जरा रागाने पाहिले होते. आम्हीही त्यांत होतो. आता कळते की, त्या दिवशी न्यासाची खरी सेवा त्या एका प्रश्नानेच झाली. कैगाच्या घुमटाचा आराखडा कोणीतरी पुन्हा तपासला म्हणून तो आज उभा आहे. मायापुरीच्या लिलावात 'हे काय आहे?' असे कोणी विचारले असते, तर एक कामगार संध्याकाळी घरी गेला असता. पुढील सभेत हा विषय निर्णयासाठी येईल. सर्व सभासदांनी, विशेषतः घरातील आयाबहिणींनी, उपस्थित राहावे अशी आमची विनंती आहे. कारण त्या खोलीत लेकराला धरून उभे राहण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येणार आहे.